शुक्रवारी गेले

"साहेब, आरशात बघू नका. डोकं हलतंय तुमचं," बाळू काशीद म्हणाला.

मी आरशात बघत नव्हतो. त्याच्या आरशात माझा चेहरा मावतच नव्हता. कपाळ दिसावं म्हणून खुर्चीत खाली सरकलो की हनुवटी तेलाच्या बाटल्यांमागे जायची, आणि हनुवटी वर काढली की कपाळ भिंतीवरच्या कॅलेंडरात शिरायचं. शेवटी काशीदनं मागच्या गिऱ्हाइकाचा हातआरसाही मागवला आणि दोन आरशांत मिळून मला एकदाचा पुरा केला.

तेव्हा मी बार्शीच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचो आणि कर्ण्यावरून गाड्या पुकारायचो. खिडकी बेताची. प्रवाशाला आधी माझी हनुवटी भेटायची. तो प्रश्न विचारायचा, मी वाकायचो, मग त्याला डोळे दिसायचे. आवाज मात्र चांगला होता. आवाज लांब असला तरी कोणी नावं ठेवत नाही.

चेहऱ्याला ठेवत. फोटो काढायला गेलो तेव्हा फोटोवाला काळ्या बुरख्यातून डोकं बाहेर काढून म्हणाला होता, "कपाळ घेऊ का हनुवटी? एक काहीतरी सांगा." तोच फोटो पाच ठिकाणी जाऊन परत आला. मुलगा सालस आहे, नोकरी कायमची आहे, पण चेहरा जरा... असं सगळ्यांचं म्हणणं. 'जरा'च्या पुढे कोणी जात नसे. एकानं तेवढं धाडस केलं. त्यानं कळवलं, 'मुलगा दुःखी दिसतो.'

सहावं स्थळ वैरागचं. नाना बोधनकरांची पुतणी, कुमुद. फोटो आला आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. ही मुलगी रोज संध्याकाळी दोन पुस्तकं छातीशी धरून आमच्या स्टँडवर उभी असायची. तिनं खिडकीशी येऊन कधी काही विचारलं नाही, कारण तिला पाटी वाचता येत होती. पण ती येऊन उभी राहिली की वैरागमार्गे सोलापूर ही गाडी मी तीनदा पुकारायचो, तेही वैरागवर जरा थांबून. बाकीच्या गावांना एकदाच.

"हे शेवटचं," आप्पांनी बजावलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील, करमाळ्याकडे आमच्या गावी असायचे. "यानंतर मी कोणाच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. गुरुवारी येतो, रविवारी दोघं मिळून जाऊ. तसं नानांना कळवलंय."

गुरुवारी आप्पा आले नाहीत. आला तो करमाळा गाडीचा कंडक्टर. खिडकीत वाकून म्हणाला, "आप्पांचा निरोप आहे. म्हैस आज-उद्या व्यायची आहे. तू पुढं हो. म्हैस मोकळी झाली की येतो म्हणाले."

म्हणजे वैरागला माझा चेहरा एकटाच जाणार होता. तो निदान आखूड करून न्यावा, असं माझ्या मित्रानं, दिगंबरनं सुचवलं. दिगंबर पार्सल खात्यात होता आणि त्याचं सगळं वाचन भज्यांच्या कागदावर चालायचं. शुक्रवारी दुपारी तो एक तेलकट कागद नाचवत आला. कुठल्याशा स्त्रियांच्या साप्ताहिकाचं पान होतं ते.

"बघ. 'लांब चेहऱ्यासाठी आखूड केशरचना.' तुझ्यासाठीच छापलंय कोणीतरी."

"बायकांसाठी आहे ते."

"लांब चेहऱ्यात कसलं आलंय बायका-पुरुष."

असे आम्ही काशीदकडे आलो. काशीद पुण्याला राहून शिकून आला होता आणि बार्शीत त्याच्या विद्येला साजेसं डोकं मिळत नाही अशी त्याची तक्रार असे. माझं डोकं पाहून तो खूश झाला.

दिगंबर बाकावर बसून मोठ्यानं वाचू लागला. "बाजूचे केस अगदी बारीक करणे."

काशीदनं मशीन फिरवलं. दोन्ही कल्ले, कानांवरचं रान, सगळं गेलं.

"वर उंच फुगा काढणे. भांग मधोमध पाडणे. कपाळ पूर्ण मोकळे ठेवणे."

काशीदनं तेही केलं. मी दोन्ही आरशांत पाहिलं. चेहरा मुळात वीतभर होता, तो आता हातभर झाला होता. दोन्ही बाजूंनी सोललेलं कणीस असावं आणि वर तुरा तेवढा उरावा, तसं दिसत होतं.

"आणखी काही लिहिलंय का?" मी विचारलं.

दिगंबरनं कागद उजेडाकडे धरला. वरच्या ओळीवर तेलाचा डाग होता, तो उजेडात पारदर्शक झाला. "आहे की. 'पुढील गोष्टी कटाक्षाने टाळा.'"

"आणि काय कराव्या ते?"

"ते पुढच्या पानावर असणार."

पुढचं पान दुसऱ्या कोणाच्या तरी भज्यांबरोबर गेलं होतं.

काशीद खचला नाही. "साहेब, दोन्ही बाजू गेल्यावर नुसतं वरचं ठेवण्यात अर्थ नाही. सगळं एकसारखं करू. तुम्ही डोळे मिटा, आधी चंपी करतो, जीव शांत होईल." त्यानं असे काही अंगठे चालवले की मला झोप लागली. मध्येच त्याचा प्रश्न कानावर आला, "मिशी?"

"मिशीला हात लावू नकोस," मी झोपेतच म्हणालो. "आप्पा मारतील."

जाग आली तेव्हा डोक्यावर पंख्याचा वारा एकेका रंध्राला वेगळा लागत होता.

रविवारी दिगंबरची टोपी घालून मी वैरागला गेलो. दिगंबरचं डोकं माझ्यापेक्षा रुंद. टोपी कानांवर टेकून तग धरून होती. नानांचं घर चटकन सापडलं, कारण ज्याला विचारलं तो म्हणाला, "अर्धवट दाराचं ना? असं सरळ जा." घराच्या दाराला नुसतं अस्तर दिलं होतं. रंग कुठला द्यावा याचा विचार दोन दिवाळ्या चालू होता. नानांचं सगळंच तसं. माणूस देवासारखा, पण काही ठरवायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. कुमुदला आलेली कितीतरी स्थळं नाना विचार करत असतानाच दुसरीकडे लागून गेली होती. हे अर्थात मला मागाहून कळलं.

मी आत गेलो आणि नानांना वाकून नमस्कार केला. टोपी त्यांच्या पायांवर पडली.

मी वर पाहिलं तर नाना माझ्या डोक्याकडे बघत होते. काकू गुळपाणी घेऊन येत होत्या, त्या वाटेतच थांबल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्या मागे दाराकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. नानांनी टोपी उचलून हलकेच माझ्या हातात दिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कधी गेले?" त्यांनी विचारलं.

मला त्यांचा मोकळेपणा आवडला. दुसरा असता तर केसांचा विषय टाळून हवापाण्यावर बोलला असता.

"शुक्रवारी," मी म्हणालो.

"शुक्रवारी गेले," नाना काकूंना म्हणाले, "आणि आज हा आला."

"यायचं कबूल केलं होतं. एवढ्यासाठी न येणं बरं दिसलं नसतं."

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. परक्याच्या केसांसाठी रडणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. अशा घरात मुलगी किती मायाळू असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

"त्रास झाला का?"

"नाही. झोपेतच गेले."

"आधी काही कल्पना?"

"आधी दोन्ही बाजू गेल्या. वरचं तेवढं शाबूत होतं. पण तो म्हणाला, दोन्ही बाजू गेल्यावर नुसतं वरचं ठेवण्यात अर्थ नाही."

"अगबाई," काकू म्हणाल्या. "असं तोंडावर म्हणाला?"

"तोंडावरच. पण माणूस हुशार आहे. पुण्याला शिकलाय."

"आणि आई? त्यांनी कसं घेतलं?"

"आईला अजून सांगितलं नाही."

काकू तांब्या-भांडं हातात धरूनच खाली बसल्या.

"कळलं तर रडेल बिचारी," मी समजूत घातली. "म्हणून ठरवलंय, महिना-दोन महिने तिकडे जायचंच नाही. तोवर परत येतील."

"कोण परत येतील?" नानांनी हळूच विचारलं.

"गेलेले."

नाना माझ्या शेजारी टेकले. मग लहान मुलाला सांगावं तसं नाना म्हणाले, "त्र्यंबकराव, गेलेले परत येत नसतात."

"येतात हो. वेळ लागतो. पण यावेळी आले की पहिल्यासारखे ठेवायचे नाहीत. आखूडच करून टाकायचे."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात कुमुद पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. दाराआडून तिनं सगळं ऐकलेलं असणार, कारण तिचेही डोळे खाली होते. बशी ठेवताना तिनं वर पाहिलं. आधी डोक्याकडे, मग चेहऱ्याकडे. चेहऱ्याच्या मधोमध तिची नजर जरा रेंगाळली. ओठाचा कोपरा हलला, आणि ती चटकन आत गेली. झालं, मी मनात म्हटलं. सहावं परतलं.

नाना मात्र उठून येरझाऱ्या घालू लागले. "अशा वेळी शास्त्र काय सांगतं? शुभकार्य करायचं तर वर्षाच्या आत करावं. नाहीतर मग तीन वर्षं थांबायचं."

"तीन वर्षं म्हणजे मुलीला फार होतील," काकू म्हणाल्या. "आणि त्यालाही आता माणूस हवंच घरात. डोक्यावर परिणाम झालाय पोराच्या."

ते तर दिसतच होतं. मी डोक्यावरून हात फिरवला.

नाना थांबले. कपाळावर घाम होता, पण आवाज ठाम होता. "ठरलं. वैशाखात करून टाकू. काही हरकत?"

काकू नवऱ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू दारानं आपण होऊन रंग लावून घेतला असावा.

"माझी कसली हरकत?" मी म्हणालो. ज्या चेहऱ्यानं पाच घरांतून परतवलं, त्याच्यासकट या माणसानं मला एका बैठकीत पत्करलं होतं. मनोमन मी काशीदच्या हातांना नमस्कार केला. काकूंनी साखरेची वाटी आणायला आत हाक मारली.

"बोधनकरांचं घर हेच ना?" दारातून आवाज आला.

आमच्या घराण्याचा चेहरा एकच आहे. ज्यानं माझा फोटो पाहिला त्याला आप्पांची ओळख करून द्यावी लागत नाही. त्या अस्तराच्या दारात तसाच लांब चेहरा, पांढऱ्या मिशा लावून, हातात चिकाचा डबा घेऊन उभा होता. म्हैस पहाटे मोकळी झाली होती. काकूंच्या हातातलं गुळपाण्याचं तांब्या-भांडं खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. नानांनी भिंत धरली.

आप्पांनी यातलं काही पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं ते माझं डोकं. डबा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"त्र्यंबक," ते म्हणाले, "कोण गेलं?"

ते उंबऱ्यावरच टेकले. "अरे, मी निघालो तेव्हा ती धार काढत होती रे. चांगली बोलली माझ्याशी. डबा नीट धरा म्हणाली."

कोणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं. नाना मुळातच सभ्य माणूस. ते भिंत सोडून दोन पावलं पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "तुम्ही."

"मी काय?"

"तुम्ही गेलात. शुक्रवारी."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "मला कोणी काही बोललं नाही," ते म्हणाले.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पडायला आता आडवं काहीच नव्हतं. मी काशीद, दिगंबर, भजी, फुगा, सगळं सांगितलं. आप्पा ऐकता ऐकता उंबऱ्यावरून उठले आणि चपलेकडे बघू लागले. काकू हसायला लागल्या. नानांनी सुटकेचा श्वास सोडला, अगदी मनापासून. खुर्चीवर बसले, घाम पुसला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा शांत, दाराला अस्तर दिल्यासारखा भाव आला.

"म्हणजे तुम्ही आहात," ते आप्पांना म्हणाले. "आनंद आहे. म्हणजे वर्षाच्या आत करायलाच हवं असंही काही उरलं नाही. आता सावकाश विचार करू. दिवाळीनंतर बघू."

"कुठल्या दिवाळीनंतर?" काकू पुटपुटल्या.

मी आप्पांकडे पाहिलं. धडधाकट उभे होते. बाप जिवंत निघाल्याचं वाईट वाटलेला माझ्याएवढा करंटा मुलगा त्या तालुक्यात तरी दुसरा झाला नसेल. आप्पाही नानांना ओळखून चुकले होते. त्यांनी डबा उचलला आणि मला म्हणाले, "चल. गाडी असेल आता. वेळ तुला पाठ आहे."

मी टोपी घातली. ती कानांवर टेकली.

तेवढ्यात आतून कुमुद आली. हातात साखरेची वाटी. त्या गोंधळात एकटी तीच अशी होती, जिला मेलेला माणूस दारात उभा राहिल्याचं नवल वाटलेलं नव्हतं. ती थेट आप्पांसमोर गेली, त्यांच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली आणि पदर सावरून वाकली.

"मामंजी, नमस्कार करते."

हल्लीच्या मुली सासऱ्याला काय वाटेल ते म्हणतात आणि लग्नाआधीही म्हणतात. तेव्हा तो एक शब्द चारचौघांत तोंडातून गेला की मंगलाष्टकं तेवढी बाकी राहत. आप्पांनी साखर तोंडात टाकली. बऱ्याच उशिरानं मिळालेल्या जन्माची चव घ्यावी तशी चघळली.

"अखंड सौभाग्यवती हो," ते म्हणाले. "आणि हा चीक घे. आजच खरवस कर, राहायचा नाही."

"अगं, पण," नाना म्हणाले.

"आता कसलं पण?" काकू म्हणाल्या. "मामंजी म्हणाली ती."

नानांनी एकदा दाराकडे पाहिलं. दारानं काही मदत केली नाही.

वैशाखात लग्न झालं. तोवर डोक्यावर दोन बोटं केस आले होते. लग्नाच्या आठवड्यात वैरागचा कंडक्टर भर गर्दीत माझ्या खिडकीशी आला आणि बस सुटल्याच्या आवाजात ओरडून म्हणाला, "बोधनकरांच्या कुमुदताईंचा निरोप आहे. बाजूचे राहू द्या. वर चपटे बसवा. थोडे कपाळावर येऊ द्या. फुगा नको म्हणाल्या." रांगेतल्या म्हातारीनंही मान डोलावली. ते हरवलेलं पान कुमुदला कुठं मिळालं, मी विचारलं नाही. भजी वैरागलाही मिळतात. काशीदनं निरोपाबरहुकूम कापले, आणि लग्नाच्या फोटोत मी कपाळ आणि हनुवटी दोन्हींसकट आलो.

पुढे संसारात मी तिला अनेकदा विचारलं, "आप्पा दारात उभे राहिले तेव्हा सगळे हबकले. तू कशी नाही हबकलीस?"

"सांगेन कधी," ती म्हणायची, आणि माझ्या मानेवरचे केस झटकायची.

आप्पा पुढे पुष्कळ जगले. गावात कोणी मरणाच्या गोष्टी काढल्या की म्हणायचे, "त्यात काही नाही रे. मी एकदा जाऊन आलोय. खरवस नेला होता बरोबर." नातवंडांना ती गोष्ट सांगताना म्हशी दोन व्हायच्या, कधी तीन.

मग एक दिवस ते खरोखरच गेले.

नदीवरून मी घरी आलो. डोकं पुन्हा तसंच झालं होतं. यावेळी गावच्या न्हाव्यानं केलं होतं, आणि त्यानं मिशीचं विचारलं नाही. तीही उतरली होती. मागच्या दारी कुमुद गरम पाण्याची बादली घेऊन उभी होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. आप्पांचा तिच्यावर माझ्यापेक्षा जीव होता. ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली, मग चेहऱ्याकडे. मिशीविना तो आणखी चार बोटं वाढला होता. तिनं हात पुढे केला आणि माझ्या वरच्या ओठावर, जिथं काल मिशी होती तिथं, बोट ठेवलं.

"त्या दिवशी ही होती," ती म्हणाली.

दुःखात माणूस मठ्ठ होतो, आणि मी सुखातही फारसा चलाख नव्हतो. मला वेळ लागला. आई-बाप गेल्यावर डोक्याबरोबर मिशी जाते, हे सगळ्या गावाला माहीत. नानांना माहीत, काकूंना माहीत, खुद्द आप्पांना माहीत. पण माझं टक्कल पाहिल्यावर खाली तोंडाकडे बघायला कोणाला धीर झाला नव्हता.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"नाना जन्मात पहिल्यांदा काहीतरी ठरवत होते," ती म्हणाली. "आणि कर्ण्यावरून वैरागचं नाव तीनदा कोण घेत होतं?"

मी अंघोळ केली, धोतर गुंडाळलं आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर जाऊन बसलो. माणसं येत होती. करमाळ्याहून आप्पांचे एक जुने स्नेही आले, शेजारी टेकले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कधी गेले?"

"शुक्रवारी," मी म्हणालो.

"त्रास झाला का?"

"नाही. झोपेतच गेले."

आतल्या दाराशी कुमुद उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, पुन्हा रडू आलं. मला तिचे खांदे दिसत होते, आणि ते कसे हलतात हे मला पक्कं माहीत होतं. माझ्याही ओठाचा कोपरा हलायला लागला. मी मान खाली घातली. लांब चेहऱ्याचा तेवढा एक फायदा असतो. तो खाली घातला, की आत काय चाललंय ते कोणाला कळत नाही.